परतीचा परवाना

सप्टेंबर १९५२. न्यूयॉर्कच्या बंदरातून 'क्वीन एलिझाबेथ' ही अजस्र बोट इंग्लंडला निघाली होती. धक्क्यावर निरोप द्यायला आलेल्यांत जेम्स एजी हा लेखक-समीक्षक होता. डेकवरच्या गर्दीत आपला मित्र कुठे दिसतो का, हे तो शोधत होता. पण मित्र डेकवर नव्हताच. एका जुन्या कर्मचाऱ्याने लावलेल्या दाव्याचे समन्स ऐन निघतेवेळी हाती पडू नये, म्हणून तो केबिनमध्ये दडून बसला होता. बोट हलली तेव्हा त्याने केबिनच्या गोल खिडकीतून डोके बाहेर काढून हॅट जोरजोराने हलवली. एजीला ती दिसली नाही. तीन वर्षांनी एजी वारला आणि त्या दोघांची भेट पुन्हा झाली नाही.

हॅट हलवणारा तो माणूस म्हणजे चार्ली चॅप्लिन. वय ६३. सोबत पत्नी ऊना आणि चार मुले. 'लाइमलाइट' या नव्या चित्रपटाचा पहिला खेळ लंडनमध्ये व्हायचा होता. त्यानिमित्ताने जन्मगाव मुलांना दाखवावे, थोडे युरोप फिरावे आणि काही महिन्यांनी घरी परतावे, असा साधा बेत होता. घर म्हणजे अर्थातच कॅलिफोर्निया. गेली चाळीस वर्षे तो तिथे राहत होता. स्वतःचा स्टुडिओ, घर, बँकेतली शिल्लक, सारे तिथेच होते. खिशात अमेरिकी सरकारचा रि-एंट्री परमिट, म्हणजे परतीचा परवाना होता. बोट भर समुद्रात असताना, १९ सप्टेंबरला, अमेरिकेचे अ‍ॅटर्नी जनरल जेम्स मॅकग्रॅनरी यांनी तो परवाना रद्द केल्याचे जाहीर केले. परत यायचेच असेल तर चॅप्लिनला बंदरावर अडवले जाईल आणि त्याची राजकीय मते व नैतिक आचरण यांची चौकशी होईल, असे कळवण्यात आले.

ज्या माणसाच्या चेहऱ्याला जगात कुठेही ओळखपत्र लागत नव्हते, त्याचाच कागद एका सहीने निकामी झाला. हे घडले कसे, हे समजून घ्यायचे तर त्याच्या आयुष्याकडे कलावंताचे आयुष्य म्हणून पाहून चालत नाही. परदेशात पोट भरायला गेलेल्या आणि अखेरपर्यंत परदेशीच राहिलेल्या एका कामगाराचे आयुष्य म्हणूनही ते पाहावे लागते.

कागदाविना जन्मलेला मुलगा

चार्ल्स स्पेन्सर चॅप्लिनचा जन्म १६ एप्रिल १८८९ चा मानला जातो. जागा दक्षिण लंडनमधील वॉलवर्थ हा गरिबांचा भाग. 'मानला जातो' असे म्हणायचे, कारण त्याच्या जन्माचा दाखला कधीही कुणाला सापडला नाही. या गहाळ कागदाची गोष्ट पुढे पुन्हा येणार आहे.

आई हॅना आणि वडील चार्ल्स दोघेही म्युझिक हॉलमध्ये गाणारे कलावंत. वडील दारूच्या आहारी गेले आणि घरापासून तुटले. आईचा आवाज गेला, पाठोपाठ मनही ढळले. चार्ली सात वर्षांचा असताना आई, तो आणि सावत्र भाऊ सिडनी यांची रवानगी लॅम्बेथच्या वर्कहाउसमध्ये, म्हणजे सरकारी अनाथ-निर्धन आश्रमात झाली. तिथून मुलांना हॅनवेल येथील निराश्रित मुलांच्या शाळेत धाडण्यात आले. १९०१ साली वडील वारले. आईला वारंवार मनोरुग्णालयात ठेवावे लागे. सरकारी नोंदवही, पंचांसमोरची उलटतपासणी, कोणत्या परगण्याने कुणाचा खर्च सोसायचा यावरून चालणारी कागदोपत्री हुज्जत, या साऱ्याशी त्या मुलाची ओळख अक्षरओळखीच्या आधीच झाली. गणवेशातल्या अधिकाऱ्याविषयी त्याच्या चित्रपटांत जी जन्मजात धास्ती आणि तितकीच खोडकर अवज्ञा दिसते, तिचे मूळ येथे आहे.

लहानपणीच तो नाचणाऱ्या मुलांच्या पथकात रंगमंचावर उभा राहिला. पुढे 'शेरलॉक होम्स' नाटकात हरकाम्या पोऱ्याची भूमिका मिळाली आणि १९०८ साली फ्रेड कार्नो यांच्या विनोदी नाटकमंडळीत तो दाखल झाला. या मंडळीबरोबरच १९१० मध्ये आणि पुन्हा १९१२ मध्ये तो अमेरिकेला गेला. दुसऱ्या दौऱ्यातच 'कीस्टोन' या चित्रपट कंपनीने त्याला आठवड्याला १५० डॉलरवर नोकरी देऊ केली. आजच्या भाषेत सांगायचे तर परदेशी दौऱ्यावर आलेल्या कंत्राटी कर्मचाऱ्याला तिथल्याच दुसऱ्या मालकाने उचलले.

१९१४ च्या आरंभी ढगळ विजार, तंग कोट, मोठे बूट, छोटी मिशी, डर्बी हॅट आणि बांबूची छडी घेऊन एक भटक्या पडद्यावर अवतरला आणि त्यानंतर जे झाले, त्याला चित्रपटाच्या इतिहासात तोड नाही. १९१५ मध्ये आठवड्याला १२५० डॉलर, १९१६ मध्ये वर्षाला ६ लाख ७० हजार डॉलर आणि त्यानंतरच्या वर्षी आठ चित्रपटांसाठी दहा लाख डॉलरचा करार. १९१९ साली त्याने मेरी पिकफर्ड, डग्लस फेअरबँक्स आणि डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांच्यासह 'युनायटेड आर्टिस्ट्स' ही स्वतःची वितरण संस्थाच उभारली. तिशी गाठताना तो जगातील सर्वाधिक मिळवणाऱ्या लोकांपैकी एक होता.

दोरीमागचे प्रवासी

याच वैभवाच्या काळात, १९१७ मध्ये, त्याने 'द इमिग्रंट' हा दोन रिळांचा चित्रपट काढला. हेलकावे खाणाऱ्या बोटीवर युरोपातले कंगाल लोक कोंबलेले आहेत. क्षितिजावर स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा दिसतो. सारे डोळे तिकडे लागतात आणि नेमक्या त्याच क्षणी अधिकारी येऊन या लोकांना गुरांसारखे दोरीमागे ढकलतात. भटक्या त्या पुतळ्याकडे पुन्हा एकदा संशयाने पाहतो. थोड्याच वेळाने तो स्थलांतर अधिकाऱ्याला मागून एक लाथ हाणतो. प्रेक्षक खदखदून हसले. निम्मे प्रेक्षक असेच बोटीतून आलेले होते. मात्र सरकारी संशयाला विनोदाचे वावडे असते. पुढे चॅप्लिनच्या अमेरिकाविरोधी वृत्तीचा दाखला म्हणून या लाथेकडे बोट दाखवले गेले.

पहिल्या महायुद्धाच्या वेळी तो सैन्यात का गेला नाही, अशी टीका इंग्लंडमध्ये झाली. त्याने नाव नोंदवले होते, पण अंगकाठीमुळे तो नाकारला गेला होता. १९१८ मध्ये त्याने अमेरिकेच्या युद्धकर्जाचे रोखे विकण्यासाठी देशभर दौरा केला आणि त्याला अफाट गर्दी लोटली. अमेरिकेसाठी पैसा उभा करताना तो परदेशी असल्याचे कुणाला खुपले नाही.

'द किड', 'द गोल्ड रश', 'द सर्कस', 'सिटी लाइट्स' हे चित्रपट आपल्याकडच्या तीन पिढ्यांनी पाहिले आहेत. त्यांविषयी येथे निराळे सांगण्याची गरज नाही. आपल्या विषयाशी संबंधित आहे तो त्याचा १९३१ चा जगप्रवास. त्या वर्षी २२ सप्टेंबरला, लंडनच्या ईस्ट एंडमधील कॅनिंग टाउन या कामगार वस्तीत, डॉ. कतियाल यांच्या घरी त्याने महात्मा गांधींची भेट घेतली. गांधीजी गोलमेज परिषदेसाठी आले होते आणि त्यांनी चॅप्लिनचा एकही चित्रपट पाहिलेला नव्हता. यंत्रांना आपला विरोध का, असे चॅप्लिनने विचारले. यंत्रामुळे भारत इंग्लंडचा बांधील झाला आहे आणि ते बंधन तोडायचे तर आपले सूत आपणच कातले पाहिजे, असे गांधीजींनी समजावले. पाच वर्षांनी आलेल्या 'मॉडर्न टाइम्स'मध्ये पट्ट्यावर नट आवळता आवळता वेडा होणारा कामगार पाहताना अनेकांना या भेटीची आठवण होते. याच चित्रपटात रस्त्यात पडलेले लाल निशाण उचलून देताना भटक्याला पोलीस पुढारी समजून पकडतात. निशाण कुणाचे, ते हाती का आले, याची कुणी विचारपूस करीत नाही. चॅप्लिनचे स्वतःचे काहीसे तसेच होणार होते.

फाइल जाड होत गेली

अमेरिकेच्या गुप्त पोलिसांनी चॅप्लिनविषयीचा पहिला अहवाल १९२२ मध्ये लिहिला. निमित्त काय, तर विल्यम फॉस्टर या डाव्या कामगार पुढाऱ्याचे त्याने घरी आदरातिथ्य केले. पुढे एफबीआय या नावाने ओळखल्या गेलेल्या त्या संस्थेची सूत्रे जे. एडगर हूव्हर यांच्याकडे दोनच वर्षांनी गेली आणि तब्बल ४८ वर्षे राहिली. चॅप्लिनची फाइल वाढत जाऊन जवळपास दोन हजार पानांची झाली. त्यात वृत्तपत्रांची कात्रणे होती, निनावी पत्रे होती, ऐकीव गप्पा होत्या. तो कम्युनिस्ट पक्षाचा सभासद असल्याचा पुरावा मात्र नव्हता.

त्याने संशयाला खाद्य पुरवले नाही, असे नाही. १९४० मध्ये अमेरिका अजून युद्धात उतरलेली नसताना त्याने 'द ग्रेट डिक्टेटर' काढून हिटलरची यथेच्छ टर उडवली. १९४२ मध्ये, रशिया हे मित्रराष्ट्र असताना, त्याच्या मदतीसाठी पश्चिमेत दुसरी आघाडी उघडा, असा जाहीर प्रचार करीत तो सभा गाजवू लागला. सॅन फ्रान्सिस्कोच्या सभेत त्याने श्रोत्यांना 'कॉम्रेड्स' म्हणून हाक मारली. तेव्हा टाळ्या पडल्या. चार-पाच वर्षांत वारे फिरले आणि त्याच टाळ्यांचा जाब विचारला जाऊ लागला.

त्याचे खासगी जीवनही निष्कलंक नव्हते. तीन विवाह मोडले होते आणि बायका वयाने फार लहान होत्या. जोन बॅरी या तरुण अभिनेत्रीशी त्याचे संबंध आले आणि १९४३ मध्ये तिने आपल्या मुलीचा पिता चॅप्लिनच असल्याचा दावा लावला. त्याच वर्षी ५४ वर्षांच्या चॅप्लिनने नाटककार यूजीन ओनील यांच्या अठरा वर्षांच्या मुलीशी, ऊनाशी, चौथा विवाह केल्याने गहजब उडाला. एफबीआयने बॅरी प्रकरण हाती घेतले आणि स्त्रीला अनैतिक हेतूने एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेल्याचा फौजदारी खटला त्याच्यावर भरला गेला. बोटांचे ठसे देतानाची त्याची छायाचित्रे देशभर छापून आली. एप्रिल १९४४ मध्ये तो निर्दोष सुटला. रक्तचाचणीने पितृत्व नाकारले होते, पण कॅलिफोर्नियाच्या न्यायालयांत त्या वेळी ही चाचणी निर्णायक मानली जात नसे. दिवाणी दाव्यात पंचांनी निकाल त्याच्या विरोधात दिला. मुलीच्या पोटगीचा भार त्याच्यावर आला. खटला संपला, पण फाइलमधली पाने तशीच राहिली. सुटलेल्या खटल्याची पाने फाइलमधून फाडून टाकण्याची पद्धत कोणत्याच सरकारात नसते.

चार तासांची झडती

१९४७ मध्ये 'मस्यू व्हर्दू' प्रदर्शित झाला, तेव्हा न्यूयॉर्कच्या पत्रकार परिषदेत चित्रपटाबद्दल फारसे कुणी विचारलेच नाही. तुम्ही कम्युनिस्ट आहात का आणि इतकी वर्षे राहूनही अमेरिकेचे नागरिक का झाला नाहीत, हेच दोन प्रश्न घोळून घोळून विचारले गेले. आपण कम्युनिस्ट नाही आणि आपण स्वतःला जगाचा नागरिक समजतो, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले. ते खरे होते, पण त्या काळात अपुरे होते. त्याच वर्षी प्रतिनिधीगृहाचे सदस्य जॉन रँकिन यांनी त्याच्या हद्दपारीची मागणी केली. अमेरिकाविरोधी कारवायांची चौकशी करणाऱ्या समितीने त्याला बोलावणे धाडले, तारीख पुन्हा पुन्हा पुढे ढकलली आणि अखेर त्याची साक्ष घेतलीच नाही. ना आरोप, ना सुटका. टांगती तलवार मात्र कायम.

येथे अमेरिकेच्या कायद्यातली एक बारीक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. कायम वास्तव्य करणारा परदेशी माणूस देशात असताना सरकारला त्याला हाकलायचे असेल, तर त्याच्याविरुद्ध पुरावा द्यावा लागे आणि सुनावणी करावी लागे. तोच माणूस एकदा देशाबाहेर पडला, की परत येताना तो जणू नव्याने दारात उभा राही आणि आपण आत घेण्याजोगे आहोत, हे पटवून देण्याचा भार त्याच्यावर पडे. म्हणूनच परदेशी जाण्यापूर्वी परतीचा परवाना काढण्याची तरतूद होती. हा परवाना म्हणजे परत आल्यावर नवखा समजले जाणार नाही, एवढाच दिलासा. प्रवेशाची हमी त्यात नव्हती.

१९४८ मध्ये चॅप्लिनने इंग्लंडला जाण्यासाठी हा परवाना मागितला. एप्रिल महिन्यात स्थलांतर खात्याचे अधिकारी एफबीआयच्या माणसासह त्याच्या घरी आले. शब्दन् शब्द टिपून घेण्याची व्यवस्था करून शपथेवर सुमारे चार तास प्रश्नोत्तरे चालली. खरे नाव काय, वंश कोणता, कोणत्या संस्थेला देणगी दिली, कोणत्या सभेत बोललात, कोणत्या मित्रांकडे जाता, अगदी शयनगृहापर्यंत प्रश्न गेले. पंधरा-वीस वर्षांनी लिहिलेल्या आत्मचरित्रात चॅप्लिनने या झडतीची आणि त्याआधीच्या कित्येक आठवड्यांच्या मौनाची हकिकत सांगितली आहे. अर्ज केला की उत्तर नाही, वकिलाने विचारले की विचार चालू आहे. नकार आला तर दाद मागता येते. मौनाविरुद्ध दाद कुठे मागायची? तो प्रवास त्या वर्षी झालाच नाही.

१९५२ मध्ये 'लाइमलाइट' पुरा झाल्यावर पुन्हा अर्ज झाला. देश सोडणाऱ्या परदेशी माणसाला करखात्याचा दाखलाही लागे. तोही सोपस्कार आटोपला. उन्हाळ्यात परवाना हाती आला आणि चॅप्लिन निर्धास्त झाला. सरकारने तपासून, पारखून स्वतःच दिलेला कागद तो घेऊन निघाला होता.

उंबरठ्याचा कायदा

तो कागद रद्द करण्यापूर्वी मॅकग्रॅनरी यांची हूव्हर यांच्याशी चर्चा झाली होती. ज्या कलमाचा आधार घेतला गेला, त्यात नीतिमत्ता, आरोग्य, मनाचे स्वास्थ्य किंवा कम्युनिझमचा पुरस्कार, यांपैकी कोणत्याही कारणाने परदेशी माणसाला दारात अडवण्याची मुभा होती. इतके रुंद जाळे टाकल्यावर मासा सुटणार कसा?

खरी मेख मात्र निराळीच होती. हे प्रसिद्ध झाले, तेव्हा चॅप्लिन या जगात नव्हता. परवाना रद्द केल्यानंतर काही दिवसांतच स्थलांतर खात्याने एफबीआयजवळ अंतर्गत कबुली दिली होती, की चॅप्लिन खरोखरच परत आला, तर त्याला बाहेर ठेवण्याइतका पुरावा आपल्यापाशी नाही. म्हणजे तीस वर्षे साप साप म्हणून भुई धोपटली आणि हाती काही लागले नाही. तो परत येणार नाही, एवढ्याच भरवशावर सारा डाव उभा होता.

आणि तो परतला असता तर? ज्यांच्याजवळ त्याचे नाव आणि पैसा नव्हता, अशा दोन माणसांकडे पाहिले की उत्तर मिळते. अमेरिकेच्या माजी सैनिकाशी विवाह केलेल्या एलन क्नॉफ या जर्मनीत जन्मलेल्या स्त्रीला १९४८ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर अडवण्यात आले. कारण गोपनीय. १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सरकारच्या बाजूने कौल दिला. अखेर सुनावणी होऊन १९५१ मध्ये तिला प्रवेश मिळाला. दुसरा इग्नात्स मेझाई. अमेरिकेत २५ वर्षे राहिलेला हा माणूस १९४८ मध्ये मरणासन्न आईला भेटायला रुमानियाकडे निघाला. तिथे त्याला प्रवेश मिळाला नाही आणि हंगेरीत तो दीड वर्षाहून अधिक अडकून पडला. १९५० मध्ये परतला तेव्हा त्याला एलिस बेटावर डांबले गेले. दुसरा कोणताही देश त्याला घ्यायला तयार नव्हता. कारण सांगण्याचे बंधन सरकारवर नाही, असे १९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ठरवले. १९५४ मध्ये तो सुटला. ज्या बंदरात 'द इमिग्रंट'मधला भटक्या उतरतो, त्याच बंदरातले हे बेट.

दोन देशांचा शोध

दरम्यान अमेरिकेने चॅप्लिनची माहिती ब्रिटनच्या एमआय-५ या गुप्तचर संस्थेकडे मागितली. त्याचे खरे नाव इस्रायल थॉर्नस्टाइन असल्याची एक वदंता फाइलमध्ये होती. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी जन्मनोंदींची दफ्तरे उलटीपालटी केली. थॉर्नस्टाइन सापडला नाही. गंमत अशी, की चॅप्लिनही सापडला नाही. फ्रान्समध्ये जन्म झाला असावा, अशीही एक आवई तपासली गेली. तिलाही आधार मिळाला नाही. वॉलवर्थच्या गरीब वस्तीतल्या एका गायिकेला आपल्या बाळाची नोंद करायचे राहून गेले असेल, ही साधी शक्यता जगातल्या दोन बलाढ्य गुप्तचर यंत्रणांना कोडे घालून बसली. हा माणूस सुरक्षेला धोका नाही, असाच एमआय-५ चा एकंदर निष्कर्ष होता. ती कागदपत्रे २०१२ मध्ये लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने खुली केली.

लंडनने मात्र आपल्या मुलाचे उत्साहाने स्वागत केले. १६ ऑक्टोबर १९५२ ला 'लाइमलाइट' लेस्टर स्क्वेअरमध्ये झळकला. अमेरिकेत बहिष्काराच्या धमक्यांमुळे अनेक चित्रपटगृहांनी तो उतरवला आणि लॉस एंजेलिसमध्ये त्याचे रीतसर प्रदर्शन झालेच नाही.

चॅप्लिनची जवळजवळ सारी संपत्ती अमेरिकेत अडकलेली होती. ती सोडवायला गेली ऊना. ती अमेरिकेची नागरिक होती, तिला कुणी अडवू शकत नव्हते. नोव्हेंबरमध्ये ती विमानाने गेली, थोड्या दिवसांत बँकेचे व्यवहार उरकले आणि परतली. घरच्या नोकरांकडे एफबीआयची माणसे चौकशी करून गेल्याचे तिला तिथे कळले. १९५३ च्या जानेवारीत हे कुटुंब स्वित्झर्लंडमध्ये व्हव्हे गावाजवळच्या एका प्रशस्त घरात राहायला गेले. एप्रिलमध्ये चॅप्लिनने तो निरुपयोगी परवाना अमेरिकी अधिकाऱ्यांच्या स्वाधीन केला. कॅलिफोर्नियातले घर आणि ज्या स्टुडिओत भटक्याने निम्मे आयुष्य काढले तो स्टुडिओ, दोन्ही विकले गेले. पुढच्या वर्षी ऊनाने अमेरिकी नागरिकत्व सोडले.

चॅप्लिन उपाशी मेला नाही, हे खरेच. तळ्याकाठी बंगला होता, मुलांचे गोकुळ होते. पण त्याची कामाची जागा गेली. वर्षानुवर्षे जमवलेले तंत्रज्ञ, ओळखीचा सेट, एक दृश्य मनासारखे होईतो महिनोन् महिने खपण्याची चैन, हे परत मिळाले नाही. त्यानंतरच्या २५ वर्षांत त्याच्या हातून दोनच चित्रपट झाले. त्यांतील १९५७ च्या 'अ किंग इन न्यूयॉर्क'मध्ये पदच्युत राजा अमेरिकेत उतरतो आणि तिथल्या स्वातंत्र्याचे गोडवे गात असतानाच अधिकारी त्याच्या बोटांचे ठसे घेत असतात. प्रसंग विनोदी आहे, पण चित्रपटात कडवटपणा आहे आणि त्यापायी कलेचा तोल काही ठिकाणी गेला आहे, हे चॅप्लिनच्या चाहत्यांनाही मान्य करावे लागते. अमेरिकी प्रेक्षकांना तो १९७० चे दशक उजाडेपर्यंत पाहायला मिळाला नाही.

वीस वर्षांनी

१९७२ च्या एप्रिलमध्ये, परवाना रद्द झाल्यावर जवळजवळ वीस वर्षांनी, चॅप्लिन अमेरिकेत उतरला. वय ८२ पूर्ण, चाल मंदावलेली, शब्द अडखळणारे. न्यूयॉर्कमध्ये सत्कार झाला आणि १० एप्रिलला लॉस एंजेलिसमध्ये त्याला मानद ऑस्कर देण्यात आले. सभागृह उठून उभे राहिले आणि टाळ्या बारा मिनिटे थांबल्या नाहीत. म्हातारा रडला. पुढच्या वर्षी आणखी एक गंमत झाली. 'लाइमलाइट' पूर्वी लॉस एंजेलिसमध्ये लागलाच नसल्याने १९७२ मधील तिथले प्रदर्शन नियमाने पहिले ठरले आणि वीस वर्षे जुन्या संगीताला ऑस्कर मिळाले. अन्यायाची भरपाईसुद्धा नियमावलीतल्या एका फटीतून झाली.

१९७५ मध्ये इंग्लंडच्या राणीने त्याला 'सर' हा किताब दिला. २५ डिसेंबर १९७७ ला, नाताळच्या पहाटे, व्हव्हेजवळच्या घरी तो गेला. दोन महिन्यांनी खंडणीसाठी चोरट्यांनी त्याची शवपेटी कबरीतून पळवली आणि काही आठवड्यांनी ती एका शेतात पुरलेली सापडली. जिवंतपणी सरहद्दीवर अडलेल्या माणसाला मेल्यावरही एका जागी स्वस्थता मिळू नये, हा दैवदुर्विलासच.

ही कहाणी आज पुन्हा आठवायला कारण आहे. पुण्यातल्या, ठाण्यातल्या, नाशिकमधल्या कितीतरी घरांतील मुले-मुली अमेरिकेत नोकरी करतात. बहिणीच्या लग्नाला किंवा वडिलांच्या शस्त्रक्रियेला पंधरा दिवसांच्या रजेवर येतात आणि व्हिसाचा शिक्का नव्याने घेण्यासाठी वांद्रे-कुर्ला संकुलातील वकिलातीत जातात. मुलाखत नीट होते, पण खिडकीतून २२१ (जी) ही चिठ्ठी हाती येते. प्रशासकीय प्रक्रिया चालू आहे, वाट पाहा. सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर ही सुरक्षा तपासणी कडक झाली. डिसेंबर २०२५ मध्ये एच-१बी अर्जदारांची समाजमाध्यमांवरील खाती तपासण्याचा नियम आला, तेव्हा ठरलेल्या अनेक मुलाखती एकाएकी पुढच्या वर्षावर ढकलल्या गेल्या आणि रजेवर आलेली माणसे इथेच अडकली. तिकडे घराचे भाडे चालू, मुलांची शाळा चालू, नोकरीचा भरवसा नाही.

आपल्या दारात कोण येतो, हे तपासण्याचा अधिकार प्रत्येक देशाला आहे. तो अमेरिकेला आहे तसा आपल्यालाही आहे. चॅप्लिनच्या आयुष्यावरून दिसते ते एवढेच, की तपासणीला मुदत नसली आणि कारण सांगण्याचे बंधन नसले, तर पुराव्याची गरजच उरत नाही. मग निकाल न देताही शिक्षा देता येते. त्याच्या फाइलमध्ये दोन हजार पाने जमली, ती आज कुणालाही वाचता येतात आणि त्यांत गुन्हा सापडत नाही. मात्र त्या पानांपायी एका कलावंताचा स्टुडिओ गेला, घर गेले आणि कामाची उरलेली वर्षे गेली. ती वर्षे बारा मिनिटांच्या टाळ्यांनी भरून निघाली नाहीत.